सवयीने उभी असलेली वास्तू : व्हाइट हाउसची १९४८ ते १९५२ची पुनर्बांधणी

१९४८च्या उन्हाळ्यात मार्गारेट ट्रूमनच्या पियानोचा एक पाय जमिनीत घुसला. पियानो होता व्हाइट हाउसच्या दुसऱ्या मजल्यावर, तिच्या बैठकीच्या खोलीत. त्या खोलीखाली कुटुंबाची जेवणाची खोली. वरची फळी मोडली, खालच्या छताचा गिलावा तडकला, छत मात्र कसंबसं राहिलं. तिचे वडील, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन, यांनी घरच्यांना लिहिताना हा प्रकार नेहमीच्या तिरकस पद्धतीने कळवला : मुलीच्या खोलीची जमीन दुभंगली, आता माझं न्हाणीघर खालच्या लाल दिवाणखान्यात उतरायच्या बेतात आहे, आणि हे लोक मला माझ्याच खोलीत झोपू देत नाहीत.

पुढच्या चार वर्षांत या वास्तूचं जे झालं, ते जुन्या इमारतींशी ज्यांचा संबंध येतो अशा कुणीही एकदा नीट पाहावं असं आहे. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या घरांपैकी हे एक. बाहेरून बघणाऱ्याला १९४८च्या आधीचं आणि १९५२च्या नंतरचं घर एकच वाटतं; फरक शोधायला सांगितला तर एक सज्जा तेवढा दाखवता येईल. आत मात्र आधीचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. हे कसं झालं आणि दुसरा मार्ग होता का, हे पाहायचं आहे.

भुतं आणि झुंबरं

ट्रूमन एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट अचानक गेले आणि हा मिझुरीचा माणूस त्या घरात आला. पत्नी बेस ट्रूमन बऱ्याचदा गावी, इंडिपेंडन्सला असायच्या; हे एकटे वॉशिंग्टनमध्ये. त्यांनी बायकोला लिहिलेली पत्रं आज वाचायला मिळतात. त्यांत रात्रीच्या आवाजांचा विषय सारखा येतो. जमीन करकरते, पडदे हलतात, जुने राष्ट्राध्यक्ष फेऱ्या मारत असावेत. सप्टेंबर १९४६च्या एका पत्रात तर पहाटे चारला दारावर थापा ऐकू आल्या, उठून दार उघडलं तर बाहेर कुणी नाही, असं सविस्तर वर्णन आहे. घर झपाटलेलं आहे हा त्यांचा निष्कर्ष.

थापांचं कारण मला ठाऊक नाही. पण जुन्या लाकडी तुळयांवर भार जास्त झाला की त्या बोलतात, आणि रात्री, हवा गार पडल्यावर, जास्त बोलतात, एवढं खरं.

मग झुंबरं. समारंभाच्या मजल्यावरच्या निळ्या खोलीत बेसबाई पाहुण्या बायकांना चहा देत होत्या आणि डोक्यावरचं भलंमोठं झुंबर किणकिणायला लागलं. वर ट्रूमन अंघोळीच्या टबात होते. टबासकट आपण खाली त्या बायकांमध्ये उतरलो असतो आणि अंगावर फक्त वाचायचा चष्मा असता, हा विनोद ते पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. सांगता सांगता किस्सा थोडा फुगलाही असेल. पण विनोद केल्यावर त्यांनी तपासणी मागितली, आणि ती मागणारे ते तिथले पहिलेच रहिवासी होते म्हटलं तरी चालेल. आधीच्यांनी बहुतेक वेळा रंग मारून भागवलं होतं.

१९४८च्या सुरुवातीला सरकारी इमारतींचे आयुक्त रेनॉल्ड्स, व्हाइट हाउसचे वास्तुविशारद लॉरेन्झो विन्स्लो आणि बाहेरचे दोन तज्ज्ञ कामाला लागले. बाहेरच्यांपैकी एक होते सिव्हिल इंजिनियरांच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष रिचर्ड डॉहर्टी, दुसरे वास्तुविशारदांच्या संस्थेचे अध्यक्ष डग्लस ऑर. गिलावा काढून, फळ्या उचलून त्यांनी आत डोकावलं. त्या तपासणीतून निघालेलं एक वाक्य अमेरिकेत आजही सांगितलं जातं : ही इमारत केवळ सवयीने उभी आहे. स्ट्रक्चरल ऑडिटच्या शेकडो अहवालांत जे सांगता येत नाही ते या वाक्यात आलं.

दुखणं कुणाचं

दोष एका माणसाचा नव्हता म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे.

पायाचा दगड १३ ऑक्टोबर १७९२ रोजी बसवला (तो दगड आजवर सापडलेला नाही). आराखडा आयर्लंडमधून आलेल्या जेम्स होबनचा. बाहेरच्या भिंती व्हर्जिनियातल्या ॲक्विया क्रीकच्या वालुकाश्माच्या. तो दगड काढण्यात आणि घर बांधण्यात गुलामांचे हात होते. दगड सच्छिद्र, म्हणून १७९८ मध्ये चुन्याची सफेदी दिली. घर पांढरं दिसतं ते त्यापासून. ‘व्हाइट हाउस’ हे लोकांच्या तोंडचं नाव, पण सरकारी कागदावर ते थिओडोर रूझवेल्टनी १९०१ मध्ये आणलं. १ नोव्हेंबर १८०० रोजी जॉन ॲडम्स राहायला आले तेव्हा घराचं काम संपलेलं नव्हतं.

२४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिश सैन्याने घर जाळलं. भिंती उरल्या, आतलं सगळं गेलं. होबनलाच पुन्हा बोलावलं आणि १८१७ मध्ये जेम्स मन्रो राहायला आले. पहिल्यांदा आठ वर्षं लागली होती, या वेळी तीनात उरकलं. राजधानी हलणार नाही हे दाखवायची घाई होती. त्या घाईत आतल्या काही भिंती विटांऐवजी लाकडाच्या झाल्या. आतल्या भिंतींचा पाया उथळ, खाली चिकणमाती. तरीही त्या काळच्या वापराला ते घर पुरेसं होतं. खोल्यांमध्ये माणसं, मेणबत्त्या आणि फर्निचर, याहून जास्त काही नव्हतं.

नंतर सोयी आल्या. १८३३ मध्ये नळाचं पाणी. मग गरम हवेच्या वाटा, गॅसच्या नळ्या, न्हाणीघरं, लिफ्ट. १८९१ मध्ये वीज. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन आणि त्यांचं कुटुंब बटणाला हात लावायला घाबरत, दिवे लावायचं काम नोकरांवर सोडत. पण तारा गेल्या, आणि तारा-नळ जायचे तर वाट हवी. प्रत्येक मिस्त्रीने समोर जी तुळई आली तिला खाच पाडली. एका खाचेने काही बिघडत नाही. शंभर वर्षांत त्या इतक्या झाल्या की काही तुळयांचं लाकूड नावालाच उरलं. भिंतींचं तेच : इथे दार पाडलं, तिथे नळाचा चर खोदला.

१९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी मोठं काम काढलं. सहा मुलं आणि कार्यालय एकाच मजल्यावर, त्यामुळे कार्यालयासाठी पश्चिमेला वेगळी इमारत बांधली. आज जिला वेस्ट विंग म्हणतात ती हीच. तो निर्णय उत्तम होता आणि पुढे तोच कामी आला. पण त्याच वेळी मेजवानीची मोठी खोली अजून मोठी करायला मधली एक भिंत काढली. ती भिंत भार घेणारी होती.

आणि १९२७. कॅल्विन कूलिज यांच्या काळात छप्पर बदलायचं निघालं, बदलता बदलता माळ्याचा पूर्ण तिसरा मजला झाला. पोलाद आणि काँक्रीट वापरून, आगीला दाद न देणारा. मजला पक्का झाला, यात शंका नाही. त्याचं वजन बसलं त्या खालच्या विटांच्या, उथळ पायाच्या, दारं पाडलेल्या भिंतींवर. डोक्यावर पोलाद, पायाखाली चिकणमाती, मध्ये खाचा पाडलेलं लाकूड. वीस वर्षं हे टिकलं याचंच आश्चर्य वाटायला हवं.

या प्रत्येक कामाचा त्या-त्या वेळचा कागद पाहिला तर प्रत्येक जण बरोबर दिसेल. नळ हवेच होते, छप्पर गळत असेल तर बदलायचंच. कुणीही आपलं काम करताना आधीच्याने कुठे कापलं हे पाहिलं नाही. पाहणार कसं? दर चार-आठ वर्षांनी घरमालक बदलतो, आणि नव्याला चार वर्षांत जे दिसेल तेच हवं असतं.

आधी सज्जा

ट्रूमनही त्याला अपवाद नव्हते, आणि हे त्यांच्या कौतुकात गाळलं जातं. १९४७ मध्ये त्यांच्या डोक्यात सज्जा आला. दक्षिणेच्या अर्धगोल खांबांमागे, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला. कलाविषयक सरकारी आयोगाने विरोध केला, वर्तमानपत्रांनी टवाळी केली, यांनी सुमारे १६ हजार डॉलर घालून तो बांधलाच. मार्च १९४८ मध्ये पुरा झाला. वीस डॉलरच्या नोटेवर व्हाइट हाउसचं चित्र असतं. त्याच वर्षी नोटेचा ठसा बदलून त्यात सज्जा घालावा लागला. आत तज्ज्ञ तुळया ठोकून पाहत होते, तेव्हा बाहेर गवंडी सज्जा बांधत होते.

(सज्जा चांगला आहे, हे नंतर राहायला आलेल्या सगळ्यांनी मान्य केलं. ट्रूमननी याबाबत हार मानली असती तर आज ती जागा ओकी वाटली असती. पण वेळ निवडली ती भलतीच.)

पियानोचा पाय गेला तो याच उन्हाळ्यात, आणि हे वर्ष निवडणुकीचं. सगळ्यांनी ट्रूमनना हरल्यात जमा केलं होतं. घर कोसळतंय ही बातमी फुटली असती तर विरोधकांना घोषणा शोधायची गरज उरली नसती. म्हणून छतांना टेकू लावले, काही खोल्या बंद केल्या, वरच्यांना दुसऱ्या खोल्यांत हलवलं आणि गप्प बसले. २ नोव्हेंबरला ट्रूमन, शिकागोच्या एका वर्तमानपत्राने पराभवाचा मथळा छापून टाकलेला असताना, निवडून आले. त्यानंतर काही दिवसांत घर रिकामं करायचं जाहीर झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात बेजबाबदार भाग. खाली पाहुणे जेवत असलेल्या खोलीचं छत ज्यांना धोक्याचं माहीत होतं त्यांनी ते मतमोजणीपर्यंत झाकून ठेवलं.

पाडायचं की पोकळ करायचं

एप्रिल १९४९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून सहा जणांचा आयोग नेमला. दोन सिनेटर, प्रतिनिधीगृहाचे दोन सदस्य, आणि ऑर व डॉहर्टी. अध्यक्षपदी टेनेसीचे वयोवृद्ध सिनेटर केनेथ मॅकेलर. रोजचं काम पाहायला लष्करातले मेजर जनरल ग्लेन एजर्टन. पैसे मंजूर झाले ५४ लाख डॉलर.

पर्याय मोजकेच होते. सगळं पाडून नवं बांधावं. किंवा बाहेरचे दगड एकेक करून नंबर घालून उतरवावेत आणि नव्या सांगाड्यावर परत चढवावेत. किंवा बाहेरच्या भिंती जागच्या जागी ठेवून आतलं सगळं काढावं आणि पोकळीत नवी इमारत उभी करावी. आहे त्याच लाकडाला ठिगळं लावणं तज्ज्ञांनी आधीच बाद केलं होतं.

सरसकट पाडणं सोपं पडलं असतं, आणि हिशेबी माणसाने तेच सुचवलं असतं. ट्रूमनना ते मान्य नव्हतं. या माणसाला बांधकामाचा अनुभव होता हे इथे सांगायला हवं. मिझुरीत ते जॅक्सन काउंटीचे ‘जज’ होते. हे पद न्यायदानाचं नाही, आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं कारभाराचं. त्या पदावर असताना त्यांनी रस्ते केले, आणि कोर्टाची नवी इमारत कशी हवी हे ठरवायला राज्याराज्यांतून गाडी हाकत इमारती पाहत फिरले. लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टची इमारत पसंत पडली तेव्हा तिचाच वास्तुविशारद नेमला. इंडिपेंडन्सच्या जुन्या कोर्टाचं नूतनीकरण त्यांच्याच कारकिर्दीत झालं; तिथे जुनी इमारत आत ठेवून बाहेरून नवी चढवली. वॉशिंग्टनमध्ये नेमकं उलटं करायचं होतं.

आयोगाने तिसरा पर्याय घेतला. बाहेरच्या दगडी भिंती ठेवायच्या. त्याबरोबर १९२७चा तिसरा मजला आणि छप्परही ठेवायचं, कारण तेवढंच काय ते पोलादी आणि धड होतं. म्हणजे ज्या मजल्याच्या वजनाने घर खचलं तो मजला तात्पुरत्या पोलादी खांबांवर हवेत तोलून धरायचा आणि त्याच्याखालचं घर काढून घ्यायचं.

भोक मोठं करायचं नाही

काम फिलाडेल्फियाच्या जॉन मॅकशेन या ठेकेदाराला मिळालं. पेंटागॉन आणि जेफरसन स्मारक त्यानेच बांधलं होतं. फी एक लाख डॉलर; अशा कामाला ती कमीच, पण पाटीवर हे नाव लागणार होतं. १३ डिसेंबर १९४९ रोजी आतलं उतरवायला सुरुवात झाली.

सगळ्यात अवघड काम पायाचं. दीडशे वर्षांच्या दगडी भिंतीखालून माती काढायची, आणि भिंतीला कळू द्यायचं नाही. त्यासाठी भिंतीखाली थोड्या थोड्या अंतरावर अरुंद खड्डे खणत गेले, एक भरून घट्ट झाल्यावर शेजारचा. चिकणमाती ओलांडून खालच्या भक्कम थरापर्यंत, सुमारे २५ फूट. असे १२६ काँक्रीटचे खांब भिंतींखाली गेले. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. भिंत इंचभरही हलली असती तर मात्र सगळ्या जगाला दिसलं असतं.

मग आतली माती काढायची होती, कारण खाली दोन तळघरंही हवी होती. बुलडोझर लागणार. तो आत न्यायला दगडी भिंतीत मोठं भगदाड पाडावं लागेल, असं ठेकेदाराच्या लोकांनी सांगितलं. ट्रूमन म्हणाले, भिंत फोडायची नाही. मग बुलडोझरचे भाग सुटे केले, लहान वाटेने आत नेले आणि आत पुन्हा जोडले. राष्ट्रीय उद्यान विभागाचे छायाचित्रकार ॲबी रो यांनी त्याचं छायाचित्र काढलं आहे. चारी बाजूंना खिडक्यांची भगदाडं असलेल्या उंच भिंती, मध्ये पोलादी खांबांचं रान, आणि खाली चिखलात माती उपसणारं यंत्र. ज्या उंचीवर एकेकाळी झुंबर टांगलेलं होतं तिथे नुसती हवा. व्हाइट हाउसची मी पाहिलेली सगळ्यात बोलकी छायाचित्रं ही आहेत. खिडक्यांच्या कडा पाहून कुठे कुठली खोली होती याचा अंदाज करत बसावं लागतं.

नव्या सांगाड्यात ६६० टन पोलाद गेलं. त्याच काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये, सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली होती, म्हणून जमिनीखाली बॉम्बपासून आसरा देणारी जागाही कामात घेतली. जून १९५०ला कोरियात युद्ध सुरू झालं. माल मिळेना, मजूर मिळेनात, खर्च वाढला. शेवटी आकडा सुमारे ५७ लाखांवर गेला. अंदाजापेक्षा पाच-सहा टक्के जास्त. सरकारी कामाचा अनुभव असलेल्याला हा आकडा दोनदा वाचावासा वाटेल.

रस्त्यापलीकडचं घर

दरम्यान राष्ट्राध्यक्ष राहत होते समोर. पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूच्या पलीकडे ब्लेअर हाउस नावाचं १८२४चं घर सरकारने १९४२ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी विकत घेतलं होतं. नोव्हेंबर १९४८ पासून ट्रूमन कुटुंब तिथे गेलं. कार्यालय मात्र वेस्ट विंगमध्येच. ती इमारत वेगळी असल्यामुळे तिला धक्का लागला नाही. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी घर आणि कचेरी वेगळी केली नसती तर सगळाच कारभार हलवावा लागला असता. ट्रूमन रोज चालत कचेरीत जायचे, दुपारी जेवायला चालत परत यायचे. मार्शल योजना, नाटो, कोरियाचं युद्ध हे सगळं चाललं असताना बाजूला राडारोड्याचे ट्रक जात होते. ऑक्टोबर १९४९ मध्ये पंडित नेहरू पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हाही यजमान घराबाहेरच होते.

या घराभोवती ज्या रूढी साचल्या होत्या त्यांचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. काही तर आधीच मेल्या होत्या. नववर्षाच्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी दार उघडून येईल त्याच्याशी हात मिळवायचा, ही ॲडम्स यांच्यापासूनची पद्धत हर्बर्ट हूव्हर यांच्याबरोबर १९३२ मध्ये संपली होती. हजारोंच्या रांगेला हात देणं माणसाला झेपेना. इस्टरच्या सोमवारी मुलांनी हिरवळीवर अंडी घरंगळवायचा खेळ १८७८ पासूनचा. काँग्रेसने कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, हिरवळीवर मुलांना बंदी केली म्हणून रदरफर्ड हेस यांनी आपलं अंगण उघडलं होतं. तो खेळ आधी युद्धामुळे, मग अन्नटंचाईमुळे आणि आता बांधकामामुळे बंद. बाकीच्यांनी मुक्काम बदलला. जानेवारी १९४९च्या शपथविधीनंतरचं स्वागत नॅशनल गॅलरीत, चित्रांच्या संगतीत झालं. मेजवान्या जवळच्या हॉटेलात. नाताळच्या झाडाचे दिवे ट्रूमननी इंडिपेंडन्सहून, शेकडो मैलांवरून कळ दाबून लावले.

फक्त एक गोष्ट हलवता आली नाही, ती म्हणजे अंतर. व्हाइट हाउसला अंगण आहे, कुंपण आहे. ब्लेअर हाउसचं दार थेट फुटपाथवर उघडतं. १ नोव्हेंबर १९५० रोजी दुपारी, कमालीच्या उकाड्यात, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे ऑस्कर कोलाझो आणि ग्रिसेलियो टोरेसोला दोन बाजूंनी त्या दाराकडे चालत आले आणि त्यांनी गोळ्या झाडायला सुरुवात केली. ट्रूमन वर डुलकी घेत होते. आवाज ऐकून खिडकीशी आले, खालून पहारेकरी ओरडला, मागे व्हा. लेस्ली कॉफेल्ट या पोलिसाला तीन गोळ्या लागल्या होत्या. तरी त्याने टोरेसोलाला एका गोळीत ठार केलं, आणि त्याच दिवशी तो स्वतः गेला. सगळं मिनिटभरात संपलं. ट्रूमन त्याच दुपारी आर्लिंग्टनच्या स्मशानभूमीत ठरलेल्या कार्यक्रमाला गेले. रस्ता ओलांडायला मात्र त्यानंतर गाडी आली. कोलाझोची फाशी ट्रूमननीच पुढे जन्मठेपेवर आणली.

कॉफेल्टच्या मृत्यूचा धागा खेचत गेलं तर तो १९२७च्या मजल्यापर्यंत आणि १८३३च्या नळापर्यंत जातो, असं म्हणणं थोडं ताणलेलं होईल. पण त्या दिवशी तो त्या फुटपाथवर उभा होता त्याचं कारण तेच.

मलब्याचा हिशेब

आता मला खटकणारी बाजू. भिंती वाचवताना जितका जीव लावला, तितका आतल्या गोष्टींना लावला नाही. विन्स्लो यांनी याद्या केल्या. भिंतीतल्या शेकोट्यांच्या चौकटी, दारं, लाकडी पॅनेल उतरवून ठेवले. परत किती बसले? काही बसले. मेजवानीच्या खोलीचं १९०२चं ओकचं लाकडी अस्तर परत लावलं, पण काढताना ते इतकं खराब झालं होतं की त्यावर हिरवा रंग फासावा लागला. १८१७ पासूनच्या गिलाव्यातली नक्षी, जमिनी, चौकटी यांतल्या बऱ्याच गोष्टींचे नमुने घेऊन नव्याने केल्या, आणि मूळ तुकडे गेले. मोठा साठा नदीपलीकडे फोर्ट मायरच्या लष्करी जागेत नेला. बरंचसं तिथे भरावात गेलं. उरलेल्याची विक्री झाली. लोकांसाठी वेगवेगळ्या किमतींची आठवण-पाकिटं निघाली : हातोडी करण्याइतकं पाइनचं लाकूड, विटेचा तुकडा, दगड, आणि सोबत खरेपणाची खूण म्हणून धातूची छोटी पट्टी. ज्या दगडांवर मूळ पाथरवटांच्या खुणा सापडल्या, त्यांतले काही स्वतः फ्रीमेसन (पाथरवटांच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या बंधुसंघाचे सदस्य) असलेल्या ट्रूमननी वेगवेगळ्या राज्यांतल्या मेसन मंडळींना पाठवून दिले.

त्या काळाला दोष देताना एक लक्षात ठेवावं लागतं. या घरातल्या वस्तू जपायच्या असतात ही कल्पनाच तेव्हा कच्ची होती. १८८२ मध्ये चेस्टर आर्थर यांनी २४ गाड्या भरून जुनं सामान लिलावात काढलं होतं आणि कुणाला त्याचं फार वाटलं नव्हतं. आधीच्याचं सामान टाकायचं आणि आपलं आणायचं, ही इथली परंपराच म्हणायची. ट्रूमन घाईत होते. आपल्या कारकिर्दीत आपण त्या घरात परत राहायला जावं, ही त्यांची इच्छा लपलेली नव्हती, आणि ते कामावर वरचेवर चक्कर मारत. घाई आणि जपणूक एकत्र नांदत नाहीत.

फर्निचरच्या वेळेपर्यंत पैसे संपत आले होते. न्यू यॉर्कच्या बी. ऑल्टमन या मोठ्या दुकानाने ना-नफा तत्त्वावर खोल्या सजवून दिल्या, जुन्या धाटणीच्या नव्या वस्तूंनी. चांगल्या हॉटेलसारखं दिसतं, हा शेरा त्यावर वर्षानुवर्षं बसला. जॅकलीन केनेडी १९६१ मध्ये आल्या आणि खऱ्या जुन्या वस्तू शोधायला लागल्या ते यामुळेच. त्याच वर्षी कायदा झाला आणि इथल्या ऐतिहासिक वस्तू विकायला बंदी आली. म्हणजे जपणुकीची समज आली ती जपण्यासारखं बरंचसं गेल्यावर, दहा वर्षांनी.

एक गोष्ट मात्र कुणीतरी डोकं लावून केली. काढलेल्या जुन्या तुळयांचं लाकूड चिरून फळ्या काढल्या आणि तळमजल्यावरच्या ग्रंथालयाला आणि शेजारच्या खोल्यांना त्यांचं अस्तर केलं. आज ग्रंथालयात उभं राहिलं तर भिंतीवर जे लाकूड दिसतं ते याच घराच्या पोटातलं आहे. मागे काँक्रीट आणि पोलाद.

२७ मार्च १९५२ रोजी संध्याकाळी ट्रूमन परत आले. त्यांना सोन्याची किल्ली दिली. दोनच दिवसांनी त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. ३ मे रोजी त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना घर फिरून दाखवलं. सोबत वार्ताहर, त्यांत तरुण वॉल्टर क्रॉंकाइट. पूर्वेच्या मोठ्या खोलीत ते पियानोपाशी बसले आणि मोझार्टचा एक तुकडा वाजवून दाखवला. या वेळी पियानोचे पाय काँक्रीटवर होते.

चार वर्षं वाट पाहून तिथे त्यांना राहायला मिळालं जेमतेम दहा महिने. जानेवारी १९५३ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर आले, आणि त्या वर्षीच्या इस्टरच्या सोमवारी, १२ वर्षांच्या खंडानंतर, फाटक उघडलं आणि मुलं अंडी घेऊन हिरवळीवर धावली.